वाऱ्याचा व्यापार आणि उपहासाची पदके

पदक म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर गौरवाचा प्रसंग उभा राहतो. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी, रणांगणावर शौर्य गाजवणारा जवान, क्रीडास्पर्धेत अव्वल ठरलेला खेळाडू यांच्या छातीवर पदक शोभून दिसते. ज्याने काही चांगले केले त्याची आठवण टिकावी, म्हणून ती धातूवर कोरायची, ही पदकामागील मूळ कल्पना होय. परंतु माणसाच्या हातून केवळ चांगलेच घडते असे नाही. त्याचा लोभ, त्याचा भोळेपणा आणि त्याची फसगत यांचीही आठवण राहावी, असे काही कारागिरांना वाटले. त्यांनी गौरवाचे हेच साधन उपहासासाठी वापरले. अशा पदकांना उपहासपदके म्हणता येईल. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी युरोपात शेअरांच्या सट्ट्याने हजारो कुटुंबे धुळीला मिळाली, तेव्हा जर्मनीत अशी अनेक पदके घडवली गेली. ती पदके कोणाला हसली, का हसली आणि त्यांचे हसणे कितपत न्याय्य होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पदकाची घडण

पदक दिसायला नाण्यासारखे असते, पण ते नाणे नव्हे. नाण्यावर त्याची किंमत असते आणि राज्याच्या हुकमाने ते बाजारात चालते. पदकाला बाजारात चलन म्हणून किंमत नसते. त्याचे मोल त्यावरील चित्रात आणि मजकुरात असते. आधुनिक पदकाची परंपरा पंधराव्या शतकात इटलीत सुरू झाली आणि पुढे ती युरोपभर पसरली.

पदक घडवण्यासाठी पोलादाच्या दोन ठोकळ्यांवर चित्र आणि अक्षरे उलटी कोरली जात. एका ठशावर दर्शनी बाजू, तर दुसऱ्यावर मागील बाजू असे. या दोन ठशांच्या मध्ये चांदीची, तांब्याची किंवा कथलाची चकती ठेवून मळसूत्री दाबयंत्राने ती जोराने दाबली, की दोन्ही बाजू एकाच वेळी उमटत. एकदा ठसे तयार झाले, की त्यांपासून पुष्कळ प्रती काढता येत. श्रीमंत संग्राहक चांदीची प्रत घेई, तर बेताच्या ऐपतीचा माणूस कथलाच्या प्रतीवर समाधान मानी. जागा मात्र तळहाताहूनही लहान. त्यामुळे कारागिराला मोजक्या रेषांत चित्र आणि मोजक्या शब्दांत म्हणणे मांडावे लागे. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर, एका बाजूला थाट आणि दुसऱ्या बाजूला त्याची फजिती, अशी मांडणी पदकाच्या घडणीतूनच सुचत असे.

राजेमहाराजांना या साधनाचे महत्त्व चांगले कळले होते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने आपल्या कारकिर्दीतील विजय, तह आणि बांधकामे यांच्या स्मरणार्थ पदकांची एक मोठी मालिकाच घडवून घेतली होती. त्या पदकांची वर्णने देणारा भव्य ग्रंथ १७०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पदकांवर राजाचे वैभव झळकत होते. युद्धांसाठी काढलेले कर्ज मात्र कोणत्याही पदकावर कोरलेले नव्हते. १७१५ मध्ये लुई मरण पावला, तेव्हा ते कर्ज वारसांच्या माथी आले. पुढील सारी कथा या कर्जापासून सुरू होते.

कागदाची करामत

नवा राजा पंधरावा लुई अवघा पाच वर्षांचा होता. त्याच्या वतीने ऑर्लेआँचा ड्यूक फिलिप हा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागला. तिजोरी रिकामी, व्यापार थंडावलेला, नाण्यांची चणचण आणि कर्जावरील व्याज डोईजड, अशी राज्याची अवस्था होती. अशा वेळी जॉन लॉ नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ त्याच्यापुढे एक योजना घेऊन उभा राहिला.

लॉ याचा जन्म १६७१ मध्ये एडिंबरा येथे झाला. त्याचे वडील सोनार असून सावकारीही करीत. लॉ हिशेबात अत्यंत तल्लख होता. जुगारातही त्याची बुद्धी तशीच चाले. १६९४ मध्ये लंडनमध्ये एका द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मारला गेला. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. परंतु तो तुरुंगातून निसटला आणि युरोपात गेला. तेथे त्याने बँकांचे व्यवहार बारकाईने पाहिले. १७०५ मध्ये पैसा आणि व्यापार यांवर त्याने एक ग्रंथही प्रसिद्ध केला.

देशात पैसा खेळता राहिला, तर हातांना काम मिळते आणि व्यापार वाढतो; सोन्याचांदीचा साठा मर्यादित असल्याने हे काम कागदी नोटांकडून करून घेता येईल, असे त्याचे म्हणणे होते. मे १७१६ मध्ये त्याला पॅरिसमध्ये खाजगी बँक काढण्याची परवानगी मिळाली. बँकेच्या नोटा आणून देणाऱ्याला तत्काळ नाणी मिळत. त्यामुळे लोकांचा नोटांवर विश्वास बसला. डिसेंबर १७१८ मध्ये ही बँक सरकारी झाली आणि तिला शाही बँक असे नाव मिळाले. येथपर्यंतची वाटचाल शहाणपणाची होती. मात्र बँक सरकारी झाल्यावर नोटा किती छापायच्या, हे ठरवणारा हात आणि त्या खर्च करणारा हात एकच झाला.

मिसिसिपीचे स्वप्न

लॉ याच्या योजनेचा दुसरा भाग म्हणजे व्यापारी कंपनी. ऑगस्ट १७१७ मध्ये त्याने पश्चिमेची कंपनी स्थापन केली. उत्तर अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात फ्रान्सच्या ताब्यात लुइझियाना नावाचा अफाट प्रदेश होता. तेथील व्यापाराचा मक्ता या कंपनीला पंचवीस वर्षांसाठी मिळाला. म्हणून लोक तिला मिसिसिपी कंपनी म्हणू लागले. प्रत्येकी ५०० लीव्र किमतीचे दोन लाख शेअर काढण्यात आले. लीव्र हे त्या वेळचे फ्रेंच हिशेबाचे चलन होते. हे शेअर घेताना रोख पैसे देण्याऐवजी सरकारी कर्जरोखे देता येत. बाजारात या रोख्यांना दर्शनी किमतीहून बराच कमी भाव होता. जवळचा पडलेला कागद देऊन नवा, आशेचा कागद मिळत असेल, तर तो कोणाला नको असेल?

त्यानंतर कंपनीने एकामागून एक मक्ते मिळवले. तंबाखूचा व्यापार, आफ्रिकेचा व्यापार, १७१९ मध्ये पूर्वेकडील व चीनकडील व्यापार, नाणी पाडण्याचा हक्क आणि शेवटी करवसुली, असे सारे तिच्या हाती आले. तिचे नाव आता इंडीज कंपनी असे झाले. त्याच वर्षी तिने राजाला १२० कोटी लीव्रचे कर्ज देण्याचे मान्य केले आणि पुढे ही रक्कम आणखी वाढवली. या खर्चासाठी नवे शेअर काढले गेले. नवा शेअर हवा असेल, तर जुने चार शेअर दाखवावे लागत. म्हणून लोक विनोदाने पहिल्या शेअरांना ‘आई’, दुसऱ्यांना ‘मुली’ आणि तिसऱ्यांना ‘नाती’ म्हणत. मुलगी हवी म्हणून आईची मागणी वाढे, नात हवी म्हणून मुलीची. शिवाय पैसे मासिक हप्त्यांनी भरण्याची सोय होती. साहजिकच पदरी थोडी रक्कम असलेला माणूसही मोठ्या खरेदीचे धाडस करू लागला.

पॅरिसमधील कँकाँपुआ नावाची अरुंद गल्ली हा या सट्ट्याचा अड्डा बनला. सरदार आणि त्यांचे नोकर, व्यापारी, धर्मोपदेशक, विधवा, परगावचे शेतकरी अशी सर्व थरांतील माणसे तेथे गर्दी करीत. करारावर सही करण्यासाठी एका कुबड्या माणसाने आपली पाठ मेजासारखी भाड्याने दिली आणि त्यावर पुष्कळ पैसा मिळवला, अशी आख्यायिका सांगितली जाते. ५०० लीव्रचा शेअर १७१९ च्या अखेरीस १०,००० लीव्रच्या आसपास पोहोचला. ‘मिल्यनेर’ म्हणजे दशलक्षाधीश, हा शब्द या काळात लोकांच्या तोंडी रुळला. जानेवारी १७२० मध्ये लॉ फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. देहान्ताच्या शिक्षेतून पळालेला माणूस युरोपातील एका बलाढ्य राज्याच्या तिजोरीचा धनी बनला.

या सर्व वैभवाचा आधार असलेला लुइझियाना प्रांत प्रत्यक्षात कसा होता? १७१८ मध्ये तेथे न्यू ऑर्लिन्स या शहराची स्थापना झाली आणि राजप्रतिनिधीच्या पदवीवरून त्याला नाव देण्यात आले. पॅरिसमध्ये तेथील सोन्याच्या खाणींच्या गोष्टी रंगत होत्या. तेथे मात्र दलदल, तापाची साथ आणि मूठभर वसाहतवाले एवढेच होते. स्वखुशीने जाणारे मिळेनात, म्हणून कैदी व भटके लोक जबरदस्तीने जहाजांवर चढवले गेले. १७१९ पासून आफ्रिकेतून गुलामही तेथे नेले जाऊ लागले. शेअरचा भाव वीस पटींनी वाढला होता. कंपनीची कमाई त्या प्रमाणात मुळीच वाढली नव्हती.

फुगा फुटला

शहाणे लोक हळूहळू शेअर विकून सोने घेऊ लागले. कोंतीच्या राजपुत्राने आपल्या नोटा बँकेत देऊन नाण्यांनी भरलेल्या गाड्या घरी नेल्या, असे सांगितले जाते. नोटांवरील विश्वास डळमळू लागताच सक्तीला आरंभ झाला. फेब्रुवारी १७२० मध्ये ५०० लीव्रहून अधिक नाणी घरात बाळगण्यास बंदी करण्यात आली. मार्चमध्ये शेअरचा भाव ९,००० लीव्रवर स्थिर ठेवण्याचा आदेश निघाला. त्या भावाने कोणी शेअर विकायला आणला, की बँकेने नोटा देऊन तो घ्यावा असे ठरले. विकणारे असंख्य असल्याने नोटांचा पूर आला. २०० कोटी लीव्रहून अधिक किमतीच्या नोटा बाजारात खेळू लागल्या आणि सर्व वस्तू महागल्या.

अखेर २१ मे १७२० रोजी शेअरची आणि नोटांची किंमत टप्प्याटप्प्याने खाली आणण्याचा हुकूम निघाला. नोटेची किंमत निम्मी होणार, हे ऐकून पॅरिसमध्ये एकच हलकल्लोळ उडाला. आठवड्याच्या आत हुकूम मागे घेण्यात आला. पण उडालेला विश्वास हुकमाने परत येत नसतो. १७ जुलै रोजी नोटा बदलून घेण्यासाठी बँकेसमोर जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॉ फ्रान्स सोडून निघून गेला. १७२९ मध्ये व्हेनिस येथे त्याचा मृत्यू झाला. सरकारने १७२१ मध्ये लोकांजवळील कागदांची छाननी सुरू केली, तेव्हा पाच लाखांहून अधिक लोकांनी आपले कागद पुढे केले. एका सट्ट्याने किती घरे ग्रासली होती, याची कल्पना या आकड्यावरून येते.

कंपनी मात्र या पडझडीतून वाचली आणि पुनर्रचनेनंतर तिचा व्यापार चालू राहिला. भारतातील पुदुच्चेरी हे तिचे प्रमुख ठाणे होते. जॉन लॉ याचा पुतण्या जाँ लॉ द लॉरिस्तों हा पुढे पुदुच्चेरीचा गव्हर्नर झाला. अशा रीतीने पॅरिसच्या त्या गल्लीतील घडामोडींचा एक धागा आपल्या देशाच्या इतिहासालाही येऊन मिळतो.

पत मेली!

१७२० हे वर्ष केवळ फ्रान्सला वाईट गेले नाही. लंडनमध्ये दक्षिण समुद्र कंपनीचा सुमारे १२८ पौंडांचा शेअर उन्हाळ्यात १,००० पौंडांच्या घरात गेला आणि वर्षअखेर २०० पौंडांच्याही खाली आला. इंग्रजांनी अशा कंपन्यांना ‘बुडबुडा’ हे नाव दिले. हॉलंडमध्येही नवनव्या कंपन्यांचे पेव फुटले. डच लोकांनी या धंद्याला जे नाव दिले, त्याचा शब्दशः अर्थ ‘वाऱ्याचा व्यापार’ असा होतो. विकणाऱ्याकडे माल नाही, घेणाऱ्याला माल नको आहे, दोघांच्या मध्ये फक्त वारा वाहतो आहे, असा त्याचा आशय. आपल्याकडे वाऱ्यावरची वरात किंवा हवेतले इमले म्हणतात, त्याच जातीची ही कल्पना होय.

या वाऱ्याने उपहासाला मोठेच खाद्य पुरवले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये सट्टेबाजीची टर उडवणाऱ्या चित्रांचा, नाटकांचा व कवितांचा एक मोठा संग्रह निघाला. मूर्खपणाचा भव्य देखावा, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. लंडनमध्ये पत्त्यांच्या पानांवर बुडीत कंपन्यांची व्यंगचित्रे छापली गेली. जर्मन भाषक मुलखांत मात्र हा उपहास धातूवर उतरला.

जर्मनीतील गोथा या शहरी क्रिस्टियान वेर्मुट नावाचा पदककार राहत असे. त्याचा जन्म १६६१ चा आणि मृत्यू १७३९ चा. हजाराहून अधिक पदके त्याच्या नावावर आहेत. राजे आणि सरदार यांच्यासाठी त्याने गौरवाची पदके केलीच, पण चालू घटनांवर टीका करणारी पदके घडवून तो ती ग्राहकांना विकत असे. लॉ याच्या योजनेचा डोलारा कोसळताच १७२० मध्ये त्याच्या कार्यशाळेतून त्यावरील उपहासपदके बाहेर पडू लागली.

या पदकांत वारा पुनःपुन्हा येतो. या वाऱ्याच्या नादाने जो धनलोभाला बळी पडेल तो आपले घरदार आणि मालमत्ता गमावून बसेल, अशा आशयाचा जर्मन मजकूर एका पदकावर आढळतो. दुसऱ्या एका पदकावरील उद्गार याहून झोंबरा आहे. पत ठार मेली, असे तो सांगतो. मूळ जर्मन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘उंदीर मरावा तशी मेली’ असा आहे. ज्या पतीच्या जोरावर एका राज्याचा कारभार चालला होता, तिच्या निधनाची वार्ता अशी उंदराच्या मरणाच्या शब्दांत दिलेली पाहून वाचणाऱ्याला हसू येते आणि पाठोपाठ अंगावर काटाही येतो. मराठीत ‘पत’ या शब्दाला दुहेरी अर्थ आहे. पत म्हणजे उसने मिळण्याची पात्रता आणि पत म्हणजे अब्रू. फ्रान्समध्ये १७२० साली या दोन्ही अर्थांनी पत गेली होती.

धातूच का?

चित्रे कागदावर छापता येत होती, ती स्वस्तही पडत. मग पदकाचा खटाटोप कशासाठी? याचे एक उत्तर टिकाऊपणात आहे. भिंतीवर डकवलेला कागद पावसाने भिजतो, विस्तवाने जळतो. पदक पेटीत पडून राहिले, तरी शतकानुशतके तसेच राहते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांत ही पदके आजही पाहायला मिळतात. तो सट्टा करणारे आणि त्याला हसणारे सारे गेले; हसू तेवढे उरले.

दुसरे उत्तर अधिक मार्मिक आहे. धातूचे काम कागद करील, असा लॉ याचा दावा होता. या दाव्याची थट्टा करण्यासाठी पदककाराने धातूच निवडला. ज्याच्या हाती निरुपयोगी नोटांचा गठ्ठा उरला होता, त्याने चांदीचे असे एखादे पदक तळहातावर घेतले, की त्याला त्याचे वजन जाणवे. पदक बाजारात चालत नसले, तरी वितळवल्यास त्याची चांदी हाती येई. नोट वितळवून काही निघण्यासारखे नव्हते. मजकूर न वाचतादेखील हे पदक आपले म्हणणे सांगत होते. शिवाय ज्या राजाने आपली कीर्ती पदकांवर कोरून घेतली, त्याच्याच कर्जातून उभ्या राहिलेल्या अनर्थाची नोंदही पदकांनीच करावी, यात एक प्रकारचा काव्यगत न्याय आहे.

तरीही पदकाचे म्हणणे पूर्णपणे खरे होते, असे समजण्याचे कारण नाही. कागद पैशाचे काम करू शकतो, हा लॉ याचा विचार काळाने खरा ठरवला. आज जगातील कोणत्याही देशाच्या नोटेमागे ठरावीक वजनाचे सोने देण्याचे वचन नसते, तरी त्या नोटांवर रोजचे व्यवहार सुरळीत चालतात. लॉ याची चूक कागद वापरण्यात नव्हती. शेअरचा भाव टिकवण्यासाठी हव्या तेवढ्या नोटा छापणे, एकाच माणसाच्या हाती बँक, कंपनी आणि तिजोरी सोपवणे आणि विश्वास ढळल्यावर तो सक्तीने परत आणू पाहणे, या त्याच्या चुका होत्या. एवढा सारा तपशील तळहाताएवढ्या पदकावर मावत नाही. त्यामुळे पदक ‘वारा’ म्हणते आणि थांबते. उपहासाचे बळ या थोडक्यात बोलण्यात असते, त्याचप्रमाणे त्याचा दोषही त्यातच असतो.

पदकाची काळी बाजू

हा दोष किती घातक ठरू शकतो, हे दाखवणारे आणखी एक पदक आहे. ते सट्ट्याच्या वर्षापूर्वी सव्वीस वर्षे, म्हणजे १६९४ मध्ये निघाले. तेही वेर्मुट याच्याच कार्यशाळेतील मानले जाते. त्या सुमारास पिके बुडाली होती, धान्य महागले होते आणि गरिबांची उपासमार होत होती. पदकाच्या एका बाजूला पाठीवर धान्याचे पोते घेऊन चाललेला माणूस दिसतो. पोत्यावर बसलेला सैतान ते फाडतो आहे आणि धान्य खाली सांडते आहे. दुसऱ्या बाजूला धान्याचे माप असून, धान्य दडवून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात आणि ते विकणाऱ्याला आशीर्वाद मिळतो, या अर्थाचे बायबलमधील वचन कोरले आहे. येथपर्यंत कोणाही सहृदय माणसाची सहानुभूती पदककाराकडे वळेल. साठेबाजीचा निषेध कोणत्या काळात योग्य नव्हता?

परंतु त्या माणसाभोवती कोरलेली अक्षरे त्याला नुसता साठेबाज म्हणत नाहीत. ती त्याला ‘धान्याचा ज्यू’ म्हणून हाक मारतात. धान्य दडवणाऱ्यांत जमीनदार होते, इतर धर्मांचे व्यापारी होते. तरीही पदकाने सारे पाप एका समाजाच्या माथी मारले. युरोपात बहुतेक ठिकाणी ज्यूंना जमीन बाळगण्यास मनाई होती आणि कारागिरांच्या संघांतही त्यांना प्रवेश नव्हता. व्यापार आणि सावकारी हेच मार्ग त्यांच्यासाठी उरले होते. आणि त्याच मार्गांवरून चालल्याबद्दल त्यांना दोष दिला जात होता. उपाशी माणसाचा संताप खरा होता. पदकाने त्या खऱ्या संतापाला खोटी दिशा दिली. कागदावरील खोटेपणा एखाद्या वेळी विरून जातो. धातूवर कोरलेला खोटेपणा पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत राहतो. अशा पूर्वग्रहांची परिणती विसाव्या शतकात नाझी राजवटीने केलेल्या ज्यूंच्या भीषण संहारात झाली, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

ही दोन पदके शेजारी ठेवली, की उपहासाची कसोटी हाती येते. १७२० च्या पदकांनी लोभाला आणि पोकळ वचनाला लक्ष्य केले. त्यांतील ‘जो कोणी’ हा शब्द सर्वांना उद्देशून आहे. त्यात सरदार येतो, त्याचा नोकर येतो, पदक विकत घेणाराही येतो. १६९४ च्या पदकाने मात्र कृत्य बाजूला सारून समाज पुढे केला. कृत्याला हसणारा उपहास माणसाला जागे करतो. माणसाच्या जातीला वा धर्माला हसणारा उपहास त्याला आंधळा करतो.

हसण्यापूर्वी आणि हसल्यानंतर

उपहासपदकांची आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. ती घडली, तेव्हा फुगा फुटून गेला होता. शेअरचा भाव चढत असताना शंका घेणारे लोक नव्हते असे नाही. पण तेव्हा त्यांना भित्रे ठरवले जात होते. भाव कोसळल्यावर सर्वांनाच शहाणपण सुचले. बुडालेल्या विधवेला किंवा शेतकऱ्याला पदकाने एक लीव्रही परत मिळवून दिला नाही. कित्येकदा हसणाऱ्यांचा रोख फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्यांकडेच अधिक वळे. फसलेला माणूस लोभी असेलही. परंतु त्याच्या हातात तो कागद राज्याच्या शिक्क्यानिशी पडला होता, हेही विसरून चालणार नाही.

तरीही या पदकांचे मोल कमी होत नाही. ती पुढच्यांसाठी घडवलेली आहेत. थोड्या काळात पैसा अनेक पटींनी वाढवून देण्याचे आमिष आजही नव्या नव्या रूपांत दारी येते. कधी ते छापील कागदावर येते, कधी ओळखीच्या माणसाच्या तोंडून येते, तर कधी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झळकते. अशा वेळी वेर्मुटच्या पदकावरील वारा आठवावा आणि काही साधे प्रश्न विचारावेत. या वचनामागे कोणती कमाई आहे? ती कोठून येणार? आपल्याला मिळणारा पैसा व्यवहारातून येणार, की आपल्यानंतर येणाऱ्या माणसाच्या खिशातून? वचन देणाराच हिशेब तपासणारा तर नाही ना? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर भाव कितीही चढलेला असो, हाती वाराच येणार हे निश्चित समजावे.

पदकाला दोन बाजू असतात. वाचणाऱ्याने एकीवर समाधान मानू नये. एका बाजूवर कोणाच्या कृत्याचा उपहास आहे हे पाहावे आणि पदक उलटून, त्या उपहासात कोणा निरपराध्याचा बळी तर गेला नाही ना, हेही पाहावे. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या लहानशा चकत्या आपल्याला एवढे शिकवू शकल्या, तर त्यांच्यासाठी खर्च झालेला धातू सार्थकी लागला, असे म्हणता येईल.